लवूकाकांचा डबा

१९८४ साली मी मुलुंडच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. चष्म्याच्या काचा घासायची पावडर तिथे तयार व्हायची. त्या पावडरीत जाड कण राहिला तर काचेवर चरा उमटतो, म्हणून प्रत्येक लॉट तपासायचं काम माझ्याकडे होतं. उभ्या काचेच्या नळीत पावडर टाकायची आणि खालून सावकाश पाणी सोडायचं. बारीक कण पाण्याबरोबर वर चढून बाहेर पडतात, जाड खाली उरतात. ते वाळवून वजन करायचं.

पण एकाच लॉटचा आकडा सकाळी वेगळा, दुपारी वेगळा यायला लागला. दोनदा माल परत आला. मॅनेजर नंदकिशोर साहेबांनी मला आठवड्याची मुदत दिली, नाहीतर दुसरा केमिस्ट बघू म्हणाले. मी सारखा वजनकाटाच तपासत बसले.

लॅबमध्ये बाटल्या धुणारे लवूकाका परब मालवणकडचे. गिरण्यांच्या संपात नोकरी गेली आणि पन्नाशीत ते इथे टेम्पररी लागले होते. चार दिवस त्यांनी माझी धडपड पाहिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, काट्यात काय नाय. खाली ड्रम धुवूक लागले काय तुमच्या नळीतला पाणी मंदावता."

मी खाली जाऊन पाहिलं. खरंच होतं. धुलाई चालू असली की बारीक कणसुद्धा खाली राहत, आणि ती आटोपली की जोर वाढून जाडही वर जात.

दुसऱ्या दिवशी काका रंगाचा रिकामा डबा घेऊन आले. काठाखाली भोक पाडलेलं, तळाला तोटी बसवलेली. तो उंच फळीवर ठेवला. नळाचं पाणी त्यात गरजेपेक्षा जास्त सोडायचं, जादाचं भोकातून मोरीत जातं, पातळी हलत नाही आणि तोटीतून नळीला पाणी एकसारखं मिळतं. गिरणीत सुताला लावायच्या खळीची पातळी त्यांनी वीस वर्षं अशीच सांभाळली होती.

त्या दिवशी एकच लॉट तीन वेळा तपासला, तीनही आकडे जुळले. मला रडू आवरेना. काकांनी चहा आणून ठेवला.

रिपोर्टात मी त्यांचं नाव घातलं. बाटल्या धुणाऱ्याचं नाव कशाला, असं साहेबांनी विचारलं.

"सर, ते काढायचं असेल तर माझंही काढा," मी म्हणाले.

नाव राहिलं. दिवाळीपर्यंत काका लॅब असिस्टंट म्हणून कायम झाले आणि ती नळी त्यांच्या ताब्यात गेली.

पाच वर्षांनी ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपाला त्यांच्या पत्नी सुगंधाकाकूही आल्या होत्या. मी सगळ्यांसमोर वाकून काकांना नमस्कार केला. ते संकोचून मागे सरले.

"करूंदेत ओ," काकू म्हणाल्या, "मनापासून करतत."