सरांच्या हातातली पांढरी कोंबडी

जिल्ह्यातले तमाम कोंबडे, कोंबड्या आणि त्यांचे मालक यांना जड अंतःकरणाने कळवावे लागत आहे की, तुमच्या पिसांत फुंकर मारून तुमचे खरेखोटे करणारा माणूस यंदाच्या प्रदर्शनात दिसणार नाही. सर गेले. तुऱ्याला खोबरेल चोपडून चमक आणणाऱ्यांनी आता निर्धास्त व्हावे.

सर आमचे शेजारी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले आणि शौकिनांच्या कोंबडी प्रदर्शनांत परीक्षक. त्यांच्या निकालावर कुणी कधी कुरकुर केली नाही, आणि त्याला कारण होतं. घरची कोंबडी प्रदर्शनात न्यायची नाही, हा त्यांनी स्वतःच घालून घेतलेला नियम. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, परसात असील जातीच्या अशा देखण्या कोंबड्या पाळल्या होत्या की येणारा-जाणारा कुंपणाशी थबकायचा. सर मात्र तिकडे फिरकत नसत. ‘पाह्यलं का मनात राह्यते,’ म्हणायचे आणि मागच्या दाराकडे पाठ करून पेपर वाचायचे.

तर या काकूंनी एकदा सिंदीच्या प्रदर्शनात आपली पांढरी कोंबडी नाचणगावच्या बहिणीच्या नावावर घुसवली. कट मला आदल्या दिवशी कळला. पिंजरे उघडून पक्षी सरांच्या हाती देण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे मला सामील करून घेणं भागच होतं.

‘बक्षीस नसलं भेटलं तरी चालते,’ काकू म्हणाल्या. ‘मले फक्त एकदा त्याईच्या तोंडून आयकाचं हाये, का कोंबडी चांगली हाये.’

‘अन् त्याईनं वळखली तं?’

‘वळखाले आधी पाह्यली पाह्यजे ना बापा.’

पिंजऱ्यावर फक्त नंबर असतो. मालक दोरीपलीकडे गुपचूप उभे. परीक्षण चालू असताना जो बोलून आपला पक्षी ओळखू देईल, त्याचा पक्षी बाद. मागच्या खेपेला तळेगावच्या एका गड्याचा तगडा कोंबडा ‘सर, तुरा पाहा’ एवढ्यावर बाद झाला होता. या खेपेला तोच गडी एक कोंबडी घेऊन आला होता आणि तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा कोंबून उभा होता, म्हणजे बोलायची सोयच नको.

सकाळ सरली तसे एकेक पिंजरा गळत गेला. शेवटी दोनच कोंबड्या उरल्या. एक तळेगावची, एक आपली. मी काकूंची कोंबडी काढून सरांपुढे धरली.

‘घाम काऊन येऊन राह्यला तुले?’ सरांनी विचारलं.

‘ऊन हाये, सर.’

‘मांडवात?’

सरांनी कोंबडी घेतली. तिची छाती आपल्या हातावर टेकवली, पाय बोटांत धरले. पंख पंख्यासारखा उलगडला, मिटला. छातीचं हाड चाचपलं. मग मानेच्या पिसांत हळूच फुंकर मारली आणि तळाची कातडी पाहिली. कोंबडीने त्यांच्याकडे मान तिरकी करून पाहिलं. त्यांनीही तिच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं काही संपेना. मी दोरीकडे डोळे वळवले. काकूंनी बहिणीचा हात असा धरला होता की त्या बिचारीच्या बांगड्या मनगटात रुतल्या असतील.

ओळखली की काय? ओळखली असती तर सरांनी तिथल्या तिथे परीक्षकाचा बिल्ला काढून ठेवला असता आणि घरी त्या माऊलीशी महिनाभर अबोला धरला असता. तळेगावकराने खर्रा चघळणंही थांबवलं.

सरांनी मान वर केली. पहिला नंबर देण्याआधी पक्ष्याबद्दल दोन शब्द मोठ्याने सांगायची त्यांची पद्धत होती.

‘कोंबडी चांगली हाये,’ सर म्हणाले.

काकूंनी डोळे मिटले. मी श्वास सोडला. एवढंच तर हवं होतं त्यांना. आता सरांनी रिबीन बांधावी आणि आम्ही चहा प्यायला मोकळे व्हावं. पण सरांचा एकच शब्द झाला होता, दुसरा बाकी होता. कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत, मांडवातल्या सगळ्यांना समजावं म्हणून जरा आवाज चढवून ते म्हणाले, ‘असा पक्षी नुसतं दाणे टाकून होत नाई. हिच्या घरचा माणूस रोज हिले हातात घेते, निरखून पाह्यते. लक्ष ठेवणारा माणूस हाये तो. त्याच्यापासून शिका.’

बहिणीने काकूंच्या तोंडावर हात ठेवायची घाई केली, पण उशीर झाला होता. रिबीन तळेगावला गेली ती त्याच क्षणी. कारण दोरीपलीकडून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, काकू बोलून गेल्या होत्या,

‘कोणता माणूस? त्या माणसानं आजवर खुराड्यात एकदा डोकावूनई नाई पाह्यलं.’