खापरावरचा पहिला मांडा

आमच्या अमरावतीच्या घरात मांडे करता येणारी एकच बाई होती आणि होळीच्या तोंडावर तिचाच हात मोडला. ती बाई म्हणजे आमच्या आई, माझ्या सासूबाई. प्लास्टर निघालं, पण मनगटात जोर येईना. आणि अक्षय तृतीयेला सासऱ्यांच्या नावाची घागर भरायची, तर पानात खापरावरचा पुरणाचा मांडा हवाच! ते गेल्यापासून एकदाही चुकलेला नाही.

"अवं, तू शिकून घे ना," आई म्हणाल्या. "रोज एक करत जाय. फाटला त फाटू दे."

रोज एक? असं कुठे शिकतात का? मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आधी विषय समजून घ्यायचा, मग हात घालायचा, हा माझा बाणा. (विषय समजेपर्यंत हात घालायची वेळ निघून जाते, हा माझा अनुभव. पण बाणा तो बाणाच!)

मी व्हिडिओ पाहिले. अकोल्याच्या बहिणीशी गव्हाच्या जातींवर वाद घातला. खापरही तिथूनच आणलं. एसटीत शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं, तर कंडक्टरने बाळ समजून मूर्तिजापूरपर्यंत खिडकी लावून घेतली! घरी आल्यावर ते कपाटावर ठेवलं आणि कणीक किती वेळ तिंबावी यावर विचार सुरू केला.

आमचे हे मात्र रोज सकाळी आंघोळीआधी जुन्या खापरासमोर बसून पुरणाचा गोळा हातावर नाचवू लागले.

"अहो, हे काय चाललंय?"

"आई म्हने रोज एक. करून राहिलो."

त्यांचा मांडा कधी जाडा, कधी भोकाचा. "आधी तंत्र समजून घ्या!" मी दारातून बजावायची. त्यांच्या कोपराला पुरण आणि माझ्या तोंडात सल्ला! आई म्हणायच्या, "सुनबाई मनातले मांडे खाते, अन् हा फाटके."

अक्षय तृतीया उजाडली. वरूडहून नणंद आणि तिचे यजमान आले. अंगणात चूल पेटली, खापर तापलं, मी पदर खोचला. पहिला मांडा हातावर असा झरझर पसरला की मलाच भरून आलं. "बघा, मनगट सैल हवं," मी नणंदेला समजावलं. तेवढ्यात तो कोपरापर्यंत उतरला आणि मधोमध फाटला. दुसरा खापराला चिकटून धुपायला लागला. तिसरा हातातून सुटला तो थेट नणंदेच्या यजमानांच्या पांढऱ्या शर्टावर!

"अगागागा! पोळलं वं माय!"

धावपळ, पाणी, धूर. त्या गोंधळात पाहिलं तर परातीत एकच गोळा उरलेला. आई सासऱ्यांच्या पानापाशी बसल्या होत्या. "यंदा त्याईले मांडा नाई भेटत वाट्टे," एवढंच बोलल्या आणि त्यांचे डोळे भरले.

"सरक जरा," हे म्हणाले. ओल्या हाताने गोळा उचलला. मांडा जाडच झाला, एका बाजूला लोंबलाही. पण अख्खा! तो पानात पडला, आईंनी हात जोडले आणि घागर भरली.

संध्याकाळी मी आईंजवळ जाऊन बसले. "आई, चुकलंच माझं."

"फाटला म्हून काई नाई, बाई. पहिला मांडा समद्याईचाच फाटते. माहाही फाटला होता." त्यांनी दुखऱ्या हाताने माझा हात धरला. "पन पहिला मांडा तू आजच्याच दिवशी कावून केला?"

(याचं उत्तर मानसशास्त्रात असेलही. पहिल्यांदाच मी शोधायला गेले नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि कुणाला काही न विचारता गोळा हातावर घेतला. तो फाटला, चिकटला, शेवटी उलथन्याने खरवडून वाटीत काढावा लागला. वर तूप सोडलं. हे आले, चमचाभर तोंडात टाकला.

"वा! शिरा मस्त झाला वं आज."

"आवडला ना?" मी म्हटलं. "उद्याही करणार आहे."