तोमिएला भेटायचा बुधवार

सातोए नोझु बोलायची कमी आणि बघायची फार. मात्सुए गावात तिच्या बापाचं मिठाईचं दुकान होतं. लाल चवळीचं गोड पुरण चिमटीत दाबून त्याची फुलं करायला ती लहानपणीच शिकली. बाप गेला, दुकान बंद पडलं, बोटांतला हलकेपणा तेवढा उरला. तोच तिला शिंजी तळ्याकाठच्या कर्करोगाच्या प्रयोगशाळेत घेऊन आला. तिथं ती पेशी वाढवायची. सकाळी उबेच्या कपाटातून काचेच्या बशा काढायच्या, पेशींना पोसणारं जुनं गुलाबी पाणी ओढून ताजं घालायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. एकदा डोळा लागला की सातोए कुठल्या कुठे जायची. खिडकीबाहेर धुक्यातलं तळं, भिंगाखाली दुसरं. कोणतं बाहेरचं आणि कोणतं आतलं, याचा तिला क्षणभर विसर पडायचा.

प्रयोगशाळेचे प्रमुख अदाची सेन्सेई, म्हणजे अदाची गुरुजी, एकाच प्रथिनाच्या मागे लागले होते. निरोगी पेशी शेजारणीशी बोलते. दोघींच्या भिंतीत त्या प्रथिनाची बारीक दारं असतात आणि त्यांतून निरोप जातो: जागा संपली, आता पुरे, थांब. सातोए सांभाळायची त्या रोगी पेशींतही ते प्रथिन तयार व्हायचं, पण भिंतीपर्यंत पोचायचंच नाही, आतच कुठेतरी रेंगाळत राहायचं. दार नाही तर निरोप नाही, आणि निरोप नाही म्हणून पेशी आपली वाढतच सुटायची. त्या प्रथिनाला भिंतीपर्यंत न्यायचं कसं, या एका प्रश्नात सेन्सेईंचे केस पिकले.

एका बुधवारी दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. हातात जाळीची पिशवी, तिच्यात तळ्यातल्या काळ्या, इवल्या शिंपल्या, तिसऱ्या. बुधवारी तळ्यावर कोणी तिसऱ्या काढायला जात नाही, म्हणून जुन्या सवयीने अंगावर धुतलेला सदरा.

“मी कात्सुबे. माझी बायको इथं असते म्हणे. तोमिए तिचं नाव.”

“कुठल्या मजल्यावर काम करतात?” सातोएने विचारलं.

“काम कसलं करतेय! वारली ती. वर्षं झाली की.”

म्हाताऱ्याने मग हळूहळू सांगितलं. तोमिएच्या पोटातली गाठ काढायची ठरली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, तिचा तुकडा संशोधनाला द्याल का? “न्या की,” तोमिए म्हणाली होती. “माझ्यापाशी राहून असे काय दिवे लावले त्यानं!” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “अहो, बुधवारी तुम्ही रिकामेच असता. मला भेटून येत जा तिथं.”

“धीरच झाला नाही इतकी वर्षं,” कात्सुबे म्हणाला. “आता गुडघ्यांनी दावा मांडला, होडी विकून टाकली. सबब सांगायला काही उरलं नाही.”

आवाज ऐकून सेन्सेई बाहेर आले. सगळं ऐकल्यावर ते अवघडले. “कात्सुबे-सान, बशीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. कोणाच्या पेशी कुठल्या, हे आम्हालाही कळू नये असा नियम आहे. शिवाय सगळ्याच काही जगत नाहीत.”

म्हातारा जायला वळला. सेन्सेईंपुढे कधी तोंड न उघडणारी सातोए म्हणाली, “नुसत्या बघायच्या असतील तर?”

सेन्सेईंनी छताकडे पाहिलं. “मी जरा चहा पिऊन येतो,” ते म्हणाले आणि गेले.

सातोएने म्हाताऱ्याला आपल्या खुर्चीवर बसवलं. “या कोणाच्या आहेत, मला खरंच ठाऊक नाही हं.”

“असू देत. कोणाच्या तरी घरच्याच ना?”

तो भिंगातून पुष्कळ वेळ बघत राहिला. “एवढ्या दाटीवाटीनं बसल्यात, तरी अनोळखी वाटतात.”

“बोलत नाहीत त्या एकमेकींशी.”

“मग ही आमची तोमिए नव्हे. तिचं तोंड झोपेतसुद्धा मिटलेलं मी पाहिलं नाही!”

सातोएला हसू आवरेना. प्रयोगशाळेत ती इतक्या मोठ्याने कधी हसली नव्हती.

त्यानंतर कात्सुबे बहुतेक बुधवारी यायचा. दोघं फारसं बोलायचे नाहीत. कधी तो सांगायचा, तळ्याचा तळ आपल्याला दिसत नाही, लांब दांडा खाली सोडायचा आणि हाताला येणाऱ्या कंपावरून ओळखायचं, खाली वाळू आहे की तिसऱ्या. मग सातोएला स्वप्नं पडू लागली. त्यांत ती होडीत असायची, पाणी गुलाबी असायचं, आणि खोल तळाशी कोणीतरी बारीक आवाजात एकमेकींना हाका मारत असायच्या.

हिवाळ्यात तळ्यावर हंस उतरले, त्या सुमाराला सेन्सेईंचं नवं रसायन तयार झालं. पेशींना ते पाजून झाल्यावर सातोएने काचेच्या सुईने एका पेशीत चमकता रंग सोडला. दार झालं असेल तर रंग शेजारी जाणार. नेमका बुधवार होता. कात्सुबे कोपऱ्यात बसला होता.

पडद्यावर काळोखात एक पेशी हिरवी उजळली. एकटीच. सेन्सेईंनी श्वास सोडला. तेवढ्यात शेजारणीची कड हिरवट झाली. मग ती सगळीच उजळली, मग तिच्या पलीकडची, आणि बघता बघता त्या काळोखात एक आळीच्या आळी जागी झाली.

“बोलल्या,” कात्सुबे पुटपुटला.

सेन्सेई चष्मा पुसत होते. “हे औषध नव्हे हं, कात्सुबे-सान. बशीत झालंय. माणसात होईल की नाही, कोण जाणे.”

“औषध मागायला कुठे आलोय मी, सेन्सेई?” मग तो सातोएकडे वळला. “काय म्हणाल्या असतील हो?”

“‘पुरे’ म्हणाल्या असतील.”

“तोमिए हेच म्हणायची. मी टोपली शिगोशीग भरून आणली की ओरडायची, ‘पुरे हो, तळ्यात काही ठेवाल की नाही!’”

वसंतात कात्सुबे गेला. सातोए त्याच्या घरी जाऊन उदबत्ती लावून आली. परतताना होड्यांच्या धक्क्यावरच्या शेडमधून एका बाईने हाक मारली. ती कात्सुबेच्या शेजारच्या होडीवाल्याची बायको, मुत्सुए.

“पेशींवाल्या बाई त्या तुम्हीच ना? या, बसा. तो सांगायचा त्यातलं आम्हाला निम्मंसुद्धा खरं वाटायचं नाही. पेशी म्हणे बोलतात!”

सातोए बसली. चारपाच जणं भोवती जमली. आधी ती अडखळली, मग सांगत गेली: भिंत, दार, प्रथिन, निरोप.

“म्हणजे आमच्या पोटातसुद्धा असली दारं आहेत?” मुत्सुएने विचारलं.

“आहेत तर. आत्तासुद्धा बोलणं चाललं असेल.”

मुत्सुएने पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि कान दिल्यासारखं केलं. “माझ्या म्हणतायत, भूक लागली!”

सगळे हसले. कोणीतरी शेगडी पेटवली आणि सातोएसाठी आणखी एक वाडगा काढला.