गच्चीवरचा वड नाशिकला जातो

साताऱ्याच्या स्टँडवर निंबाळकर वहिनी मला सोडायला आल्या नव्हत्या. त्या वडाला सोडायला आल्या होत्या.

आमच्या सोसायटीत वडाचं झाड नाही. त्यामुळे वटपौर्णिमेला सगळ्या मजल्यांवरच्या बायका माझ्या गच्चीवर येतात आणि माझ्या कुंडीतल्या, गुडघ्याएवढ्या वडाला दोरा गुंडाळतात. मी बांधत नाही. वर्षभर पाणी घालते, तेवढं पुरे.

यंदा त्याची पानं पिवळी पडू लागली होती. शिवाय मुळं एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूने तो जमिनीत ठोकलेल्या खुंटीसारखा दिसायचा. तो दोष झाकायला मी खोडाभोवती शेवाळ चढवून ठेवलं होतं. व्हिडिओ बघून जेवढं येतं तेवढं मला येत होतं. खोडाला चहूबाजूंनी मुळं कशी आणायची, हे मात्र समोर बसून शिकायला हवं होतं. नाशिकच्या बोन्साय कार्यशाळेचं कळलं. आपापलं झाड घेऊन या, असा निरोप होता.

“नीट न्या हो,” वहिनी म्हणाल्या. “आमच्या ह्यांचं आयुष्य बांधलंय त्याला.”

गेल्या वर्षी निंबाळकरांना हार्ट अटॅक येऊन गेला. आता ते सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालत जातात. श्रेय डॉक्टरांना मिळालेलं नाही.

एसटीत कंडक्टर म्हणाला, “मावशी, झाड डिकीत टाका.”

“तुम्ही बसाल का डिकीत?”

त्याने थोडा विचार केला. “मांडीवर घ्या मग.”

पुण्याला शेजारी एक आजी येऊन बसल्या. हे वडाचं झाड आहे म्हटल्यावर त्यांनी हात जोडले आणि संगमनेरला उतरेपर्यंत अंग चोरून बसल्या. त्यामुळे मला ऐसपैस जागा मिळाली. सिन्नर मागे पडलं, लांबवर एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या आणि माझ्या पायाला मुंग्या आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशकात मिसळ खाल्ली. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही आणि बशीत एक जिलेबी. मिसळीबरोबर जिलेबी का, असं विचारल्यावर वेटर म्हणाला, “आधी खाऊन बघा, मग विचारा.” खाल्ली. विचारलं नाही.

कार्यशाळा गंगापूर रोडला, शिकवणाऱ्या भारतीताईंच्या गच्चीवर होती. आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा, नखांत माती. माझ्या शेजारी निफाडचे आहेर बसले होते. द्राक्षाची जुनी बाग काढताना एक वेडंवाकडं खोड आवडलं, म्हणून ते टबात घालून घेऊन आले होते. त्याच्या फांद्यांना तार कशी गुंडाळायची, हे त्यांना शिकायचं होतं.

भारतीताईंनी बांबूच्या काडीने माझ्या वडाचं शेवाळ बाजूला केलं आणि थांबल्या.

“हा दोरा कुणी आवळलाय?”

मी वाकून पाहिलं. दोरा खोडात रुतून बसला होता. त्याच्या वर खोड सुजलं होतं आणि त्या सुजेतून सगळ्या बाजूंनी पांढरी मुळं फुटून शेवाळात पसरली होती.

“द्राक्षाला आम्ही ह्येच करतो,” आहेर म्हणाले. “गर्डलिंग. खोडाची साल कड्यासारखी काढायची. पानातलं अन्न खाली उतरत नाय, मणी फुगतो. तुमच्या बायांनी दोऱ्यानं केलं. लय भारी काम हाय.”

“खोडावरच मुळं फुटवायला गुटी बांधतात, तिची ही एक पद्धतच आहे,” भारतीताई म्हणाल्या. “आज मी हेच शिकवणार होते. तुमचं आधीच झालंय. आता दोऱ्याखाली करवत लावायची आणि वरचं झाड वेगळं लावायचं.”

“नाही कापलं तर?”

“खालची मुळं उपाशी आहेत, म्हणून तर पानं पिवळी पडलीत. हळूहळू सगळंच जाईल.”

“आणि कापल्यावर जगेल?”

“निम्मी पानं उतरवू. बहुतेक जगेल.”

‘बहुतेक’ हा शब्द मला आवडत नाही. तेवढ्यात वडाची खुशाली विचारायला वहिनींचा फोन आला. मी जे होतं ते सांगितलं. दोरा नायलॉनचा निघाला, हेही सांगितलं.



“तो माझाच,” त्या म्हणाल्या. “सुती दोरा पावसात कुजतो. म्हणून गेल्या वटपौर्णिमेला पक्का बांधला.”

आहेर खोड धरून उभे होते.

“न कापता मरेल म्हणतात?” वहिनींनी विचारलं.

“हो.”

“मग कापा. पण दोरा टाकू नका.”

करवत मीच चालवली. पांढरा चीक हातावर ओघळला. खोड सुटलं. आहेरांनी “झालं” म्हटलं. काडीने उकरून भारतीताईंनी दोरा सोडवला. तो अखंड निघाला. नवी मुळं उथळ कुंडीत पसरून बसवली. ती माती धरेपर्यंत झाड हलता कामा नये, म्हणून ते कुंडीला बांधतात. भारतीताई तार शोधू लागल्या. मी दोरा पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोडाला रबराचा तुकडा लावला आणि त्यावरून दोरा घेऊन कुंडीच्या भोकांतून आवळला.

परतताना मांडीवर अर्धा वड आणि पिशवीत उरलेला खुंट होता. या खेपेला कुणी हात जोडले नाहीत. पानं छाटलेलं झाड ओळखूच येत नव्हतं.

वहिनी फाटकाशीच उभ्या होत्या. त्यांनी आधी कुंडी पाहिली. “दोरा?”

“हा काय. झाडाला धरून बसलाय.”

त्यांनी बोटाने चाचपून पाहिला आणि माझी पिशवी उचलून जिना चढायला लागल्या.

खुंट वाळला. वडाला मात्र गणपतीच्या सुमारास नवं पान आलं, तांबूस आणि चकचकीत. वहिनी सकाळी येऊन ते बघून जातात. खाली निंबाळकर बूट घालून त्यांची वाट बघत असतात. मुळं पक्की झाली की दोरा काढून टाकायचा, असं भारतीताईंनी मला बजावून सांगितलं आहे. वहिनींना मी ते अजून सांगितलेलं नाही.