अपक्ष उमेदवाराचा नवरा

माझी बायको किन्हवलीत दवाखाना चालवायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. तिला सगळे ‘बाय’ म्हणायचे आणि मला ‘बायचे सर’. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

एका श्रावणात डोंगराकडच्या पाड्यावरून फोन आला. बाळंतपण अडलं होतं. पाड्याला रस्ता नव्हता, गाडी खालीच थांबायची. पोरीला झोळीत घालून माणसं निघाली आणि ही बॅग घेऊन त्यांना वाटेत गाठायला गेली. ओढ्याजवळ भेट झाली, तेव्हा नाडी लागत नव्हती. घरी आल्यावर ती बराच वेळ ओल्या साडीतच बसून राहिली. मग म्हणाली, “तिच्या सासऱ्याने मला विचारलं, बाय, आता पुढं न्यायची का मागं?”

त्यानंतर ती रस्त्याच्या मागे लागली. शहापूरला तालुक्याच्या कचेरीत चकरा मारल्या. कुणी म्हणे वनखात्याची जमीन आहे, कुणी म्हणे ग्रामपंचायतीचा ठराव आणा. ठराव नेला तर साहेब बदललेले. शेवटी जिल्हा परिषदेवर निवडून आलेल्या सदस्यांकडे गेली. ते हसून म्हणाले, “मॅडम, तुम्ही गोळ्या द्या. रस्त्यांचं आम्ही बघतो.”

त्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, “मी जिल्हा परिषदेला उभी राहते.”

“कुठल्या पक्षाकडून?”

“कुठल्याच नाही.”

मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, ही सहज येईल. निम्म्या मतदारगटातली पोरं हिच्या हातावर जन्मली होती. कुठल्याही गावात गेलं तरी चहा घेतल्याशिवाय कुणी सोडत नव्हतं.

मी सरकारी नोकर, त्यामुळे प्रचार करायची सोय नव्हती. तिला चिन्ह मिळालं कपबशी. सकाळचे पेशंट उरकून ती चार बायकांना घेऊन निघायची. मी घरी स्वयंपाक करायचो आणि वाट बघायचो. परत आली की ती पाय चोळत सांगत बसायची. सगळीकडे लोक एकच विचारतात, बाय, दवाखाना बंद करनार काय? ती सांगायची, नाही बंद करणार. ते म्हणायचे, मग झालं तर. त्यांचं नक्की काय झालं ते तिला कळायचं नाही.

मतदानाची माझी ड्युटी लागली म्हसा गावाकडच्या एका शाळेत. दिवसभर मी लोकांच्या बोटांना लागणारी शाई बघत होतो आणि मन किन्हवलीत होतं. त्या गटातही एक अपक्ष उभा होता, कुणी इंजिनियर. त्याचा पोलिंग एजंट जेवायला म्हणून उठला तो परतलाच नाही. ती रिकामी खुर्ची मला बघवेना. शिपायाला सांगून मी ती भिंतीकडे सरकवून ठेवली.

ती हरली. नुसती हरली नाही, अनामतही गेली. त्या पाड्याच्या केंद्रावर तिला बोटावर मोजण्याइतकी मतं होती. तो आकडा ऐकून तिने फक्त “बरं” म्हटलं आणि दवाखाना उघडायला गेली.

काही दिवसांनी त्या मेलेल्या पोरीचा सासरा आला. गुडघ्याचं दुखणं होतं. तपासून झालं तरी उठेना. मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो.

“बाय, राग धरू नको,” तो म्हणाला. “आमी तुला मत नाय दिलं.”

“माहीत आहे मला.”

“सदस्यांच्या मानसांनी सांगितलं, टँकर बंद होल. उन्हाळ्यात पानी कुठनं आनायचं? आन तू काय, तू हायसच. मत दिलं नाय दिलं, तू औषद देनारच.”

ती खाली मान घालून गोळ्यांच्या पुड्या बांधत राहिली. मग त्याला समजावलं, ही जेवल्यावर, ही झोपताना. तो गेल्यावर मी तणतणलो. तर म्हणाली, “त्याचं काय चुकलं? मी आहेच की.” आणि आत जाऊन नळ सोडून रडली. नळ कशाला सोडला ते मला कळत होतं, म्हणून मी आत गेलो नाही.

पुढच्या निवडणुकीला परत उभं राहायचं तिने ठरवलं. दर रविवारी पाड्यांवर जायची. मतं मागायला नव्हे, तपासायला आणि बायकांशी बोलत बसायला. रस्त्याच्या चकराही चालूच होत्या. पाच वर्षं सरली, पण निवडणूक लागेना. कधी आरक्षणाचा वाद, कधी कोर्टाची तारीख. जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला. मी म्हणायचो, “सोड आता.” ती म्हणायची, “थांबायला काय लागतं? बसल्या बसल्या थांबायचं नसतं, एवढंच.”

मधे एकदा रस्ता मंजूर झाला, ओढ्यापर्यंत. माजी सदस्यांनी नारळ फोडला. हिला कुणी बोलावलं नव्हतं. तरी गेली, मागे बायकांत उभी राहिली आणि प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा मला आणून दिला. “अर्धा झाला,” म्हणाली. इतकं खूश मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं.

पुढच्या थंडीत ती गेली. दुपारी शेवटचा पेशंट बाहेर पडला आणि ती टेबलाशी बसल्या बसल्या कलंडली. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अंत्ययात्रेला माणूस मावत नव्हता. डोंगरावरचे पाडे रिकामे करून लोक आले होते. शेतं टाकून, मजुरी बुडवून आले होते. बाया ऊर बडवत होत्या. लोक माझ्या गळ्यात पडत होते आणि मी त्यांची तोंडं न्याहाळत होतो. यातल्या कुणी दिलं असेल, कुणी नसेल. माझी बायको तिरडीवर होती आणि मी मतं मोजत होतो. अजून मला ते सहन होत नाही.

अजूनही निवडणूक झालेली नाही. होणार, होणार असं रोज ऐकतो. मी निवृत्त झालोय. मागच्या महिन्यात शहापूर कोर्टात वकिली करणारी एक तरुण बाई घरी आली. अपक्ष उभी राहणार म्हणाली. पत्रकावर छापायला बायकोचा फोटो मागत होती.

“फोटो नको,” मी म्हटलं.

तिने हट्ट केला नाही. जरा वेळाने विचारलं, “सर, किती वर्षं लागतात हो लोकांना मत द्यायला?”

मला सांगावंसं वाटलं, बाळा, घरी जा. पण ती जे करायला निघाली होती, त्यापासून तिला परतवणारा मी कोण? मी विचारलं, “घरचे काय म्हणतात?”

“सासूबाई बोलत नाहीत. नवरा म्हणतो, कर.”

“त्याला एकदा घेऊन ये माझ्याकडे.”

“कशाला?”

“असंच.”

ती रविवारी त्याला घेऊन आली. साधा पोरगा, मुरबाडला कारखान्यात कामाला. ती शेजारी बायकांशी बोलायला गेली आणि आम्ही दोघं ओटीवर बसलो. निवडणुकीबद्दल त्याला बरंच सांगायचं मी मनात जुळवून ठेवलं होतं. पण तो निघताना एवढंच म्हणालो, “ती जेवली की नाही, ते तू बघत जा.”

तो हसून बरं म्हणाला. ती येऊन मागे बसली आणि त्याने गाडीला किक मारली.