शेवाळबाईंची प्लेट

रोज सकाळी दात घासण्याआधी मॅडम जीभ दातांवरून फिरवत. "बांधलं बघा जिवाणूंनी रात्रीतून घर!" असं म्हणत. नवरा दाराशी टॉवेल घेऊन उभा. "मग लवकर पाडायला घे, मला बेसिन हवंय."

जिवाणू सुटे असले तर औषधाने मरतात. पण दातांवर किंवा हॉस्पिटलातल्या नळ्यांवर शेवाळासारखा चिकट थर करून, एकमेकांना बिलगून बसले, की जालीम औषधही त्यांच्या दाराशीच थबकतं. तो थर फोडायचा, यातच मॅडमची तीस वर्षं गेली. विद्यार्थी त्यांच्या पाठीमागे त्यांना शेवाळबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्यांचं नाव झालं ते हा थर फोडणाऱ्या एका औषधामुळे. चाचणी साधी होती. तळहाताएवढी, शहाण्णव खळग्यांची प्लेट. डाव्या अर्ध्यात नुसता थर, उजव्या अर्ध्यात औषध घातलेला. प्लेट धुवायची, जांभळा रंग टाकायचा. थर उरला असेल तिथे रंग धरतो. मॅडमची डावी बाजू जांभळी व्हायची, उजवी कोरी. शोधनिबंध छापून आला, मागोमाग विभागप्रमुखपद आलं.

फक्त त्यांच्या सर्वांत धाकट्या विद्यार्थिनीला, सगळ्यांच्या शेंडेफळाला, हे जमेना. मॅडम नळाखाली धुवायच्या, ती टबात बुडवून. तिच्या प्लेटच्या दोन्ही बाजू जांभळ्याच. असे आठ महिने.

"मॅडम, औषधच चालत नसेल तर?"

"औषध चालतं. तुझा हात चालत नाही," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "जड आहे. काहींना उपजतच हात नसतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. महिनाभरात शेंडेफळ प्रबंध अर्धवट टाकून गेली.

नऊ वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं, की तुमचं औषध आमच्याकडे काही केल्या चालत नाही. मॅडम तणतणत स्वतःच प्लेट घेऊन नळाशी उभ्या राहिल्या. शेजारी विभागातले जुने मदतनीस, मामा, काचेची भांडी पुसत होते.

"तुमची धार नेहमी उजवीकडेच पडते," मामा सहज म्हणाले.

"म्हणजे?"

"प्लेट तशीच धरता ना तुम्ही. त्या टोकावर नळ बदाबदा, इकडे नुसता ओघळ."

मॅडमनी दुसरी प्लेट डावीची उजवीकडे फिरवून धरली. या वेळी औषधाची बाजू जांभळी राहिली आणि दुसरी कोरी झाली. थर औषधाने गेलाच नव्हता. नळाने गेला होता.

"मामा, तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा मोठमोठी माणसं बघायला येत होती. मी कुठे तोंड घालणार?"

निवृत्तीला चार महिने उरले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मॅडमनी तीन आठवडे स्वतःला बजावलं. पण कुणी नुसतं हसलं तरी त्यांचे कान तापायचे. शेवटी त्यांनी निबंध मागे घेतल्याचं पत्र धाडलं. ते त्यातल्या त्यात सोपं होतं. पत्राला चेहरा नसतो.

शेंडेफळ एका तपासणी केंद्रात रक्त काढायची. मॅडम रांगेत बसल्या. नंबर आल्यावर त्यांनी नुसतीच बाही वर केली. तिनेही ओळखलं, पण मान वर केली नाही.

"टोच ना," मॅडम म्हणाल्या.

"झालं मॅडम. दाबून धरा."

मॅडमनी कापूस दाबला आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं, नळासकट. मागचा माणूस खाकरला. शेंडेफळ बाटलीवर चिठ्ठी चिकटवत राहिली.

"मला आता सांगून काय होणार?" ती म्हणाली. "बाबा अजून नातेवाइकांना सांगतात, पोरगी हुशार होती पण हात नव्हता. त्यांना सांगाल?"

रविवारी मॅडमनी एका तिसऱ्या मजल्यावरची बेल दाबली. दार उघडलं. गृहस्थांनी ओळख ऐकली, लगबगीने खुर्ची पुढे केली. "एवढ्या मोठ्या बाई आमच्या घरी! थांबा, पाणी आणतो."

"पाणी मागाहून घेते," मॅडम उभ्याउभ्याच म्हणाल्या. "तुम्ही आधी बसा."