रांजणातली खरखर

यानशू आणि तिची थोरली बहीण रुइलान, दोघी आमच्याच संगीत नाटक मंडळीतल्या. आमच्या शंगझोउकडे नाटकात पुरुषांची कामंही बायकाच करतात. रुइलान नायक व्हायची. ती रंगमंचावर आली की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कलिंगडाच्या बिया सोलायचं थांबवायच्या. यानशूच्या वाट्याला दासीचं काम. मी कडेला बसून ढोल वाजवायचे.

यानशूचं मन एका जागी रमलं नाही. मंडळी सोडून ती भट्टीवर मातीकाम शिकली, मग हांगझोउला जाऊन ध्वनिमुद्रण. लोक म्हणायचे, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" ती म्हणायची, "बघून माणूस पुढे निघून जातो. ऐकायला वाकावं लागतं. मला लोकांना वाकवायचंय."

पुढे रुइलानच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, गाणं गेलं. पण सकाळी चुलीपाशी एकटी असली की ती जुनी पदं त्या फाटक्या आवाजात पुटपुटायची. सणाला घरी आलेल्या यानशूनं दाराआडून ती फोनवर टिपली. विचारलं नाही. विचारलं तर ताई गप्प होईल, असं तिनं स्वतःला पटवलं.

हांगझोउच्या प्रदर्शनात तिनं मोठाले रांजण मांडले, प्रत्येकाच्या पोटात स्पीकर, त्यातून ताईची ती खरखर. लोक वाकून ऐकत, डोळे पुसत. यानशूचं नाव झालं. आमच्या गावची एक बाई तिथून परतली आणि भर बाजारात रुइलानला म्हणाली, "अगं, तुझा घसा ऐकायला शहरात रांग लागलीय!"

दुसऱ्या दिवशी रुइलान बसनं हांगझोउला गेली. एका रांजणावर वाकली, ऐकलं, गळ्याभोवतीचा रुमाल सारखा करून निघून गेली. यानशू दारातच उभी होती. त्याच दुपारी तिनं सगळे आवाज बंद केले आणि गाव गाठलं.

मी तेव्हा रुइलानकडे बांबूचे कोंब सोलत बसले होते. यानशू उंबऱ्यातच बसली.

"ताई, बंद केलं सगळं. चुकले मी."

"कुणाला विचारून बंद केलंस?"

यानशूनं मान वर केली.

"घेतलंस न विचारता, बंद केलंस तेही न विचारता," रुइलान घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आवाज माझा की तुझा गं? आणि टिपलंस ते काय, तर चूल फुंकताना! निदान नायकाचं पद तरी घ्यायचंस."

मला हसू आलं. यानशू मात्र हमसून हमसून रडायला लागली.

पुढच्या महिन्यात रुइलान स्वतः माइकसमोर बसली. कुठलं पद द्यायचं, कुठलं नाही, हे तिनंच ठरवलं. दोन रांजण तिनं मुकेच ठेवायला लावले. "हे माझ्यासाठी," म्हणाली. प्रदर्शन पुन्हा उघडलं, गर्दी पूर्वीपेक्षा जास्त झाली. रुइलान खुर्ची टाकून ऐटीत बसायची, कुणी नीट वाकलं नाही तर दटावायची.

यानशू आत थांबत नसे. बाहेरच्या पायऱ्यांवर बसून राही. एकदा मी प्रदर्शन बघायला गेले तेव्हा म्हटलं, "अगं, तिनं केव्हाच माफ केलंय तुला."

"हो ना," ती म्हणाली. "पण ती चुलीपाशी आता गुणगुणत नाही. परवा गावी गेलो तेव्हा मी दाराशी नुसती उभी राहिले, तर तिनं मागे वळून पाहिलं."